पालथा तांब्या

जोतीराम पिक्चरच्या लाइनीत तीस वर्षं होता, पण पडद्यावर एकदाही दिसला नाही. तो प्रॉपर्टीवाला. सीनला लागणारी खाट, कंदील, ताटवाट्या मांडायच्या आणि कॅमेरा सुरू झाला की बाजूला व्हायचं. मी कपडेपट सांभाळायचो. उचगावात आमची घरंही शेजारी शेजारी.

त्याची एक खोड होती. गोष्टीत जो मरणार, त्याच्या मागं कुठंतरी तो पितळी तांब्या पालथा घालून ठेवायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. "बघणाऱ्याला कळत न्हाय गणपा, पर पोटात गोळा येतोय की," म्हणायचा. मी टिंगल करायचो. लोक हिरोइनला बघतील की तुझ्या तांब्याला? पण एकदा थिएटरात, पडद्यावरची सून नुसती भाकरी थापत होती, तेवढ्यात पुढच्या खुर्चीतली म्हातारी पुटपुटली, "ही जाणार गं बया." 

शेवटची मालिका संपली, जोतीराम घरी बसला आणि तिथंच बिनसलं. दिवसभर खुर्चीतून स्वयंपाकघराकडं बघायचा. ओट्यापाशी त्याची बायको सोनूबाई, आणि तिच्या मागं खिडकीत घासून निथळत ठेवलेला तांब्या. पालथा. अरे, घासलेलं भांडं कुठलीही बाई पालथंच घालते! शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तो उठून तांब्या सुलटा करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अवं, पानी निथळाय नगो व्हय?" सोनूबाई वैतागायची.

"तू फ्रेममधी हायस. तुला दिसत न्हाय."

हे तो भांडून नाही, हळू म्हणायचा, म्हणून जास्त भीती वाटायची. शेवटी तिनं हात टेकले आणि तांब्या सुलटा ठेवू लागली. तरी ह्याची झोप उडालेलीच. हिला काहीतरी होणार, हे एकच डोक्यात. मग तिला दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेलो. रक्त तपासून झालं, छातीची ईसीजीची पट्टी झाली, सगळं ठणठणीत. दवाखान्याचा जिना चढताना घाम फुटला तो जोतीरामला. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचीही एक पट्टी काढूया."

"माझं कशाला? हिच्याकडं नीट बघा."

डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी मात्र हसण्यावारी नेलं. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्याच्याकडं गेलो. सोनूबाई मुरगूडला भावाकडं गेली होती. जोतीराम खूप दिवसांनी खुशीत होता. आत जाऊन त्यानं तांब्याभर पाणी आणलं, माझं पिऊन झाल्यावर तांब्या विसळून आत ठेवला. मग खुर्ची फिरवून, स्वयंपाकघराकडं पाठ करून माझ्यासमोर बसला. बोलताना डावा खांदा चोळत होता.

"वाचली बघ," म्हणाला.

मी नवा मोबाईल काढला. "बस तसाच. तुझा एकबी फोटू न्हाय."

त्यानं टोपी नीट केली.

गुरुवारी सकाळी त्याच खुर्चीत त्याची मान कलंडली. सोनूबाई चहा घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं.

भिंतीवर लावायला फोटो एकच, माझ्याकडचा. सोनूबाईला घेऊन फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या पोरानं तो संगणकावर मोठा केला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जोतीरामच्या उजव्या खांद्यामागं खिडकी, खिडकीत तांब्या. पालथा.

"वहिनी, त्यो तुमी..."

"मी कवाच सोडलंय तसं घालायचं," सोनूबाई म्हणाली. "आणि त्या दिशी मी घरात हाय कुठं?"

  त्या दुपारी त्या घरात मी आणि जोतीराम दोघंच होतो आणि खुर्चीतून मी उठलो नव्हतो. बायकोच्या मागचा तांब्या महिनाभर सुलटा करणाऱ्या हातानं, बोलता बोलता, तीस वर्षांच्या सवयीनं आपलं काम केलं होतं. आणि मग तो स्वतःच त्याच्यापुढं येऊन बसला होता.

पोरगं म्हणालं, "काकू, मागचं सगळं पुसून देतो. नुसता निळा रंग ठेवूया."

सोनूबाईनं पदरानं डोळे टिपले.

"नगं," ती म्हणाली. "त्यांनी मांडलंय. हलवू नगा."