ज्वाळांतली पोर

साठच्या दशकात बंगळूरच्या एका स्टुडिओत मी कपडेपट सांभाळत असे. तिथल्या कॅमेरामनला सगळे अण्णा म्हणत. समोरच्याशी बोलतानाही त्यांचा एक डोळा मिटलेला असे.

एका पौराणिक चित्रपटात नायिकेचं अग्निदिव्य होतं. निर्माते म्हणाले, "आग खरी हवी. तिला त्यातूनच चालवा."

"आग खरीच घेऊ," अण्णा म्हणाले, "पण पोर तिच्याजवळ जाणार नाही."

त्यांनी तिला काळ्या पडद्यापुढे चालवलं, फिल्म मागे गुंडाळली आणि त्याच फिल्मवर आग टिपली, म्हणजे दोन्ही चित्रं एकावर एक उमटणार होती.

"बिघडलं तर?" निर्मात्यांनी विचारलं.

"फिल्म जाईल. पोर राहील."

थिएटरात पडद्यावर ज्वाळा उसळल्या, तशी नायिकेची आई किंचाळली आणि शेजारीच बसलेल्या लेकीला तिने कवटाळलं. मागे उभे असलेले अण्णा त्या दोघींकडेच पाहत होते. "सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक', एवढंच ते म्हणाले.