पुरुषभर खोल

कुणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही. मी म्हणतो, हा मास्तरकीचा परिणाम. बायको म्हणते, उपजत खोड.

आमचं गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं ग्रामपंचायत, वाचनालय आणि अंगणवाडी यांची मिळून एक नवी इमारत झाली. जमिनीत पुरलेल्या नळांतून हवा खेळवायची आणि तिघांनी ती वाटून घ्यायची. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. पंख्याची वीजसुद्धा छपरावरच्या सोलरची. गावानं थट्टा मांडली, की आता भुईतनं वारा काढणार. मी पारावर बसून एकेकाला समजावलं, की थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, तसंच हे.

नळांसाठी चर खणताना कमरेइतक्या खोलीवर कठीण मुरूम लागला. जेसीबीवाला म्हणाला, बास झालं. मी चरात उतरून भांडलो. वरची माती थंडीत गारठतेच, ऊब हवी तर पुरुषभर तरी खाली जायला हवं, हे त्याला आणि ठेकेदाराला पुन्हा पुन्हा सुनावलं. शेवटी वैतागून त्यांनी मुरूम फोडायला ब्रेकर लावला.

पौषात मी बायकोला इमारत दाखवायला नेलं. अंगणवाडीत पोरं स्वेटर काढून खेळत होती. भिंतीच्या तळाशी हवा येण्याची जाळी होती, बायको तिथं बसली आणि बराच वेळ जाळीपुढे तळहात धरून राहिली. आता माझं कौतुक होणार, असं मला वाटलं.

"अवो, भुईच्या पोटात येवढी ऊब असती?" ती म्हणाली. "मंग आपलं बाळ गारठलं नसंल."

आमचं पहिलं मूल नाव ठेवायच्या आधीच गेलं. तान्ह्याला अग्नी देत नाहीत. अशाच थंडीत बांधाच्या कडेला मी माझ्या हातांनी खड्डा खणला होता. त्याविषयी आम्ही पुढं कधी बोललो नाही. दर पौषात ती त्या जागेवर भाताचा पेंढा पसरायची, तो कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या खड्ड्यालाही मुरूम लागला होता. तो कमरेइतकाच झाला होता.

ती माझ्याकडे बघत होती.

"न्हाई गारठलं," मी म्हणालो. "तिथं लई ऊब असती."

त्या थंडीत तिनं पेंढा पसरला नाही. एका पहाटे, तिला न सांगता, मीच जाऊन पसरून आलो.