खानेसुमारीत बायका दोन

शेवटचं शेत गोदामवाल्याला दिलं, त्या वर्षापासून बाबांची झोप उडाली. अंजूरच्या खाडीलगतचं ते खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेलं आणि मग भाताला लावलेलं रान. लहानपणापासून घरात एकच गोष्ट ऐकत आलो होतो: आमच्या मूळपुरुषाने एकट्याच्या हिमतीवर खाडी मागे रेटली. गंमत अशी, की या पराक्रमी माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वंशावळ बाबांच्या पणजोबांपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची.

"ज्यानं ती जमीन केली, त्याचा नाव घेऊन एक पान ठेवायचा हाय मना," बाबा म्हणायचे. "त्याला सांगायचा हाय, मी इकली. माफ कर."

पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवतात त्या पानाबद्दल ते बोलत होते. वय ब्याऐंशी, हृदय थकलेलं. पुढचा पितृपक्ष दिसेल याची खात्री डॉक्टर देत नव्हता. मी चिडायचो. विकताना आठवला नाही का मूळपुरुष, असं एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच शेताच्या पैशातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मी राहतो, तेव्हा गिळलं आणि शोधाला लागलो.

इंग्रजांच्या काळात शिरगणती झाली, म्हणजे घराघरांतली माणसं कुठेतरी लिहिलेली सापडतील, असा माझा भाबडा समज. तहसील कचेरीतल्या माणसाने तो हसत हसत मोडला. आकडे राहिले म्हणाला, नावांचे कागद कोण कशाला सांभाळेल? दोन महिने मी टेबलाटेबलांवर खेटे घातले. शेवटी गावच्या जुन्या पाटलांच्या वारसाने माळ्यावरचं एक दप्तर खाली काढलं. त्यात त्या काळची गावची खानेसुमारी होती, पाटलाने घरोघर फिरून माणसं आणि गुरं मोजलेली. सगळं मोडीत. मला त्यातलं एक अक्षर लागेना.

भिवंडीत एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात, असं कळलं. त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात. तिथे बोलायचं तर ओरडूनच. तीन रविवार त्यांनी भिंग धरून पानं चाळली. तिसऱ्या रविवारी बोट एका ओळीवर थांबलं आणि मास्तर ओरडले, "हे बघा तुमचं घर!"

बाबांच्या पणजोबांचं नाव स्पष्ट होतं. पुरुष एक, बायका दोन, मुलगा एक. बैल दोन, एक तांबडा, एक बांडा. नांगर एक. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं नुसतं नाव असलेला माणूस एकदम दोन बैलांसकट समोर उभा राहिला. मग मास्तरांनी खालचा शेरा वाचला. हा इसम सासऱ्याच्या घरी राहतो. सासरा वारला, त्याला मुलगा नव्हता. खाजण सासऱ्याने केलेलं आणि ते त्याच्या मुलीकडून आलेलं. सासऱ्याचं नावही लिहिलं होतं.

पणजोबा घरजावई होते! दुसऱ्याच्या उंबऱ्यात राहायला आलेला जावई, आमच्याकडे अजूनही हे कुणी मोठ्याने सांगत नाही. ती लाज झाकायला कुणीतरी मूळपुरुष उभा केला आणि आम्ही चार पिढ्या त्याचे पोवाडे गात बसलो.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, नाहीतर निदान नाव मिळालं म्हणून खूश होतील. त्यांनी सासऱ्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आनि ती? त्याची पोर? तिचा नाव काय?"

"लिहिलं नाही. बायका दोन, एवढंच आहे. ती आणि तिची आई."

"बैलांचा रंग लिवलाय, आनि तिचा नाव न्हाय?"

बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांना काय लागलं ते मला कळलं, कारण ते मलाही लागलं होतं. शेत विकायच्या आधी आम्ही माझ्या आत्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती. वळ गावात दिलेली बाबांची धाकटी बहीण, एकुलती एक. आमच्यात सगळेच घेतात. बहिणीला साडी नेसवायची, गोडाचं जेवण घालायचं आणि सही घ्यायची. वळहून तिला गाडीत घालून निबंधकाच्या कचेरीत मीच नेलं होतं. वकिलाने कागद वाचून दाखवला, तिने कुठे सही करायची तेवढं विचारलं. लेकीला जमीन नसते असं सांगणाऱ्या आमच्या घरात जमीन आली होती ती लेकीकडून.

पितृपक्षात आमची तिथी आली, तेव्हा बाबांनी आत्याला बोलावलं. ती मानकोली नाक्यावरून रिक्षा करून आली, आम्ही दिलेलीच साडी नेसून. गावच्या घराच्या गच्चीवर पानं वाढून ठेवली होती. पहिलं पान बाबांनी पणजोबांच्या सासऱ्याच्या नावाने ठेवलं आणि मी विकली, माफ कर, असं पुटपुटले. दुसरं पान हातात घेऊन थांबले.

"बाय, पणजोबाच्या बायकोचा नाव कोनाला ठावं असल का गो?" ते बहिणीला म्हणाले. तिला घरात सगळे 'बाय'च म्हणतात आणि मी 'आत्या'. तिचं खरं नाव आमच्या तोंडात कधी येतच नाही.

आत्या हसली. "ठावं कशाला नसल? माझाच तं हाय. आजी बोलायची, माझ्या सासूचा नाव तुला ठेवलाय. तिचाच शेत ना तो? आजी सांगायची."

"मंग तू कवा बोलली न्हाईस ती?"

"इचारला कोनी?"

बाबांनी नाव घ्यायला तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि मिटलं. जिवंत बहिणीसमोर तिचंच नाव घेऊन मेलेल्याचं पान कसं ठेवणार? शेवटी आत्यानेच त्यांच्या हातातून पान घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. ते नाव मी याआधी शेवटचं ऐकलं होतं, ते निबंधकाच्या कचेरीत. वकील वाचत होता, हक्क सोडून देणार, आणि पुढे ते नाव.

कठड्यापलीकडे गोदामाचे पत्रे दिसत होते. कावळा पहिल्या पानाला शिवला, दुसऱ्याच्या वाटेलाही गेला नाही. आत्या म्हणाली, चला, जेवन थंड होतंय. माफी कुणाची मागायची ते आता बाबांना कळलं होतं, आणि ती हातभर अंतरावर उभी होती. त्यांनी मागितली नाही. मीही नाही. आम्ही तिच्यामागून जिना उतरलो आणि जेवायला बसलो.