डोंगराखाली सुमलीला वाचायला लावलेलं पान

सकाळच्या पोस्टमधली एक चूक आधी दुरुस्त करते. फोटोखाली मी लिहिलं होतं की सुमलीने हौसेने वाचलं. तसं नव्हतं. तिला वाचायला लावलं.

आमच्या वाचन गटाची पद्धत अशी, की जिथली गोष्ट तिथेच जाऊन वाचायची. आज सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. सुमली माझी कॉलेजची मैत्रीण, वरच्या पाड्यावरची, पावरा आदिवासी. आज वाचायला घेतलेल्या जुन्या पुस्तकात तिथल्या लोकांना दरोडेखोर म्हटलंय. गट चालवणारे माझे काका तिला म्हणाले, "तुन्हा डोंगरनी गोट शे ना, मंग तूच वाच."

'दरोडेखोर' शब्दाला ती अडखळली. काकांनी तो नीट येईपर्यंत परत परत म्हणायला लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "पिशव्या सांभाळा रे." सगळे हसले. मी फोटो काढत राहिले.

मला घरी वाचायला काकांनीच शिकवलं, असंच परत म्हणायला लावून. त्यामुळे आधी मला ते शिकवणंच वाटलं.

परतताना सुमली म्हणाली, "मी याच वाटेने घरी जाते. आता रोज तेच पान आठवेल."

काकांशी बोलले. ते म्हणाले, "इतिहास शे तो. मी थोडाच लिखा?"

तुमच्यातले बरेच जण तिथे होते. तुम्हाला त्या जागेचं आता काय आठवतंय?

पुढचं वाचन काकांच्या म्हसावदच्या शेतात आहे. सुमली येवो न येवो, तिची माफी मागा, असं मी त्यांना सगळ्यांसमोर सांगणार आहे. काका घरचे आहेत. तरीही सांगणार, येत्या रविवारी.