वखारीतली भिंत आणि करडईचं तेल

मी शिवणकाम करते, पण कपड्यांचं नाही. टेम्पोच्या ताडपत्र्या, शाळेची दप्तरं, व्यायामशाळेतल्या गाद्यांच्या खोळी, असलं जाड काम माझ्याकडे येतं. सांगलीत मिरज रस्त्याला एका बंद पडलेल्या शेडमध्ये चढाईची भिंत उभी राहिली, तेव्हा खालच्या गाद्यांच्या खोळी मी शिवल्या. खोळी जड होत्या, म्हणून पोचवायला धाकट्या जावेला बरोबर नेलं. पुढचं सगळं त्या एका फेरीतून निघालं.

शेडमध्ये प्लायवुडच्या भिंती होत्या, काही सरळ, काही आपल्या अंगावर झुकलेल्या. त्यांवर बटाट्याएवढे, भाकरीएवढे रंगीत तुकडे बोल्टने घट्ट बसवलेले. त्यांना होल्ड म्हणतात. दोर नाही, कमरेला पट्टा नाही. भिंत फार उंच नसते, आणि पडलं तर खाली गादी असते. एकाच रंगाचे होल्ड धरत वर जायचं आणि शेवटच्या होल्डला दोन्ही हात लावायचे. अशा एका वाटेला तिथे प्रॉब्लेम म्हणतात. पैसे भरून प्रॉब्लेम घेणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

जाऊ चाळिशी ओलांडलेली. तिचं माहेर पाटणजवळ, कोयनेच्या अंगाला. करवंदं आणि जनावरं यांच्या मागे डोंगर चढून मोठी झालेली. मी खोळींची चेन तपासत होते तेवढ्यात ती चपला काढून पिवळ्या होल्डवरून वर पोचलीसुद्धा. तिथे शिकवणारी मुलगी साताऱ्याची, तिशीतली. शनिवार-रविवार सांगलीत येते. ती खालून म्हणाली, "काकू, मस्त. आता उतरा."

"उतरू कसं? चढताना कुणी सांगितलं न्हाई."

"आलात तशाच एकेक पाय खाली घ्या. आणि मला तुमचं वय विचारायचं होतं."

"काकू म्हणू नगंस आणि वयबी इचारू नगंस. भिंतीला ऐकू जातंय."

त्या दिवसापासून ती जायला लागली. पहिल्या आठवड्यात तिला चढायला शिकवलंच नाही, पडायला शिकवलं. दोन्ही पाय टेकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठीवर लोळण घ्यायची आणि हात मागे टेकायचे नाहीत, कारण मनगट तिथेच मोडतं. घरी येऊन तिने हे माझ्या पलंगावर करून दाखवलं. पलंगाची एक पट्टी मोडली. मनगट शाबूत राहिलं.

गणपती झाले आणि साताऱ्याच्या मुलीने तिला विचारलं, की दसऱ्यानंतर सकाळची बायकांची तुकडी सुरू करायची आहे, रोज शिकवायला सांगलीतलंच कुणी हवं, तुम्ही कराल का. अट एवढीच होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी तिच्यासमोर निळा प्रॉब्लेम चढून दाखवायचा आणि नवख्या बायकांना सुरुवात करून द्यायची. निळा प्रॉब्लेम झुकलेल्या भिंतीवर होता. तिथे पाय सुटले की सगळं वजन बोटांवर येतं, आणि जाऊ दर वेळी मधूनच सुटत होती.

तिला ते काम हवं होतं. मुलगा पुण्याला वसतिगृहात गेल्यापासून तिने तीन-चार ठिकाणी कामासाठी विचारलं होतं. सगळीकडे पहिला प्रश्न शिक्षणाचा आणि दुसरा अनुभवाचा. बारावी आणि शून्य, ही तिची उत्तरं ऐकून लोक पंखा बघायला लागत. तू काय करू शकतेस, हे विचारणारी ही पहिलीच. ती मला एवढंच म्हणाली, "आक्का, हे गेलं तर मी परत कुठं इचारायला जाणार न्हाई." तिच्या तोंडून असली वाक्यं फारशी येत नाहीत.

शनिवार-रविवार सोडले तर शेड संध्याकाळीच उघडायची, आणि संध्याकाळी आमच्याकडे स्वयंपाक असतो. म्हणून भिंत घरी करायची ठरली. आमच्या घरामागे सासऱ्यांची हळदीची वखार आहे. त्यांचा धंदा मार्केट यार्डात गेल्यापासून ती रिकामीच. पोती गेली तरी जमीन अजून पिवळी आहे, आणि कोपऱ्यात हळद घासायचं हाताने फिरवायचं जुनं पिंप पडून होतं. सासरे म्हणाले, "वखारीत काय करायचं ते करा, पिंप हलवू नका."

सुताराला नकाशा काढून दिला. लोखंडी चौकट, तिच्यावर जाड प्लाय, मागून दातेरी नट ठोकलेले, आणि सगळं पुढे झुकलेलं. तो दिवसभर राबला आणि भिंत ओळंब्यात सरळ उभी करून गेला. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर म्हणाला, "वहिनी, आयुष्यात मुद्दाम वाकडं काय केलं न्हाई मी. हात वळंना." शेवटी सासऱ्यांनी दारात खुर्ची टाकून त्याच्याकडून वाकडं करून घेतलं.

गादी मी केली. खाली जुन्या कापसाच्या गाद्या पिंजून घट्ट भरलेल्या, वर फोम, आणि ताडपत्रीची एकसंध खोळ. दोन गाद्या शेजारी ठेवल्या तर मधल्या फटीत पाय जाऊन घोटा मुरगळतो, म्हणून एकसंध. वरचे मोठे होल्ड विकत आणले, तेही वापरलेले. खालचे लहान आम्हीच सागवानाच्या तुकड्यांचे, कडा गोल करून, केले.

सामान जपायची तिची पद्धत बघून मला बरं वाटायचं. मी स्वतः मशीनला रोज पुसते, त्यामुळे दुसऱ्याच्या हातची शिस्त मला ओळखू येते. चढायचे बूट घट्ट आणि पातळ असतात, रबर गुळगुळीत. ती ते भिंतीपासून दोन पावलं दूरही घालून चालायची नाही. काम झालं की तळवा ओल्या फडक्याने पुसायचा आणि बूट सावलीत वाऱ्याला ठेवायचे. उन्हात नाही, कारण डिंक सुटतो. हाताला लावायची पांढरी पूड सांगलीच्या दमट हवेत गोळा होते, म्हणून ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. दर सोमवारी किल्ली घेऊन प्रत्येक बोल्ट हलतो का बघायचा. आणि जुन्या टूथब्रशने होल्ड घासायचे, कारण घाम आणि पूड मिळून त्यांवर थर बसतो.

हे सगळं सासरे दारातून बघत. सुनेने भिंतीला लोंबकळणं त्यांना पटलं होतं की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. एकदाच म्हणाले, "धाकटे, वर काय ठेवलंय तुझं?" ती म्हणाली, "काय न्हाई मामा. जाऊन बघितलं, काय न्हाई." ते हसले आणि गेले.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं पुजतात. सासऱ्यांचा नेम कडक आहे. तराजू, वजनं, पोती शिवायचे दाभण, उचलायचे आकडे, कुदळ, माझं शिलाई मशीन, दिराची गाडी. सगळं आदल्या रात्री धुऊन, पुसून, करडईचं तेल लावून ठेवायचं. सकाळी हळद-कुंकू, झेंडू. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत वापरायचं नाही, त्याला विश्रांती.

त्या सकाळी जाऊ पूजेच्या आधी थोडं चढून घ्यावं म्हणून वखारीत गेली, आणि मी तिच्या मागे झेंडूच्या माळा घेऊन. तिने वरच्या होल्डला हात घातला आणि ती सरळ गादीवर आली. लोळण नीट घेतली. उठून हात नाकाशी नेला. मग दुसरा होल्ड चाचपला, तिसरा. एकूण एक होल्डला तेल होतं. लाकडाच्या होल्डनी तर ते पिऊन घेतलं होतं. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट. दारात सासरे तबक घेऊन उभे. अंघोळ केलेली, टोपी घातलेली.

"यंदा तुझीबी हत्यारं घेतली पूजेला," ते म्हणाले. "लाकूड कोरडं पडलं हुतं. दोन हात दिले तेलाचे."

तिच्या जागी मी असते तर त्याच क्षणी बोलले असते. रविवार तोंडावर आला होता आणि ज्या भिंतीवर बोटं टिकायला हवीत तिला तेल. जावेने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तेलकट हात ओढणीला नाही, स्वतःच्या केसांना पुसला, आणि वाकून त्यांना नमस्कार केला. "चांगलं केलंसा मामा," म्हणाली. मग माझ्या हातातली माळ घेऊन भिंतीच्या चौकटीला बांधली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "आता काय करणार?"

"उद्याच्या पूजेपर्यंत काय न्हाई. पुजलंय ते."

"अगं, रविवार."

"आक्का, घरात आल्यापासून मी त्यांचं सगळं पुजलं. माझं त्यांनी आज पुजलं. एक दिवस जाऊ दे."

तो दिवस ती खाली बसून बूट पुसत राहिली. पुसायला काही नव्हतं.

दसऱ्याची पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली, आणि आम्ही दोघी किल्ल्या घेऊन वखारीत बसलो. विकतचे होल्ड सोपे निघाले. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश, आणि सावलीत वाळवण. लाकडाचे हटेनात. राख चोळली, बेसन चोळलं, पॉलिश पेपर मारला. घासलं की कोरडे वाटायचे, थोड्या वेळाने आतून पुन्हा तेल वर यायचं. सोनं द्यायला आलेली माणसं वाटेला लावून सासरे मागे आले आणि दारात थांबले.

"तेल काढताय व्हय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जाऊ उठून उभी राहिली. "लोखंडाला तेल लागतं मामा. ह्याला न्हाई. ह्याला हात चिकटाय पायजे."

"मग काल का बोलली न्हाईस?"

"तुमी पूजा केली हुती."

ते आत आले. एक उचलून अंगठ्याने दाबला, तेलाचा डाग बघितला. मग कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेले, ज्याला आम्हाला हात लावायला बंदी होती, आणि त्याचं झाकण उघडलं. "भुसा आणा. लाकडाचा, कोरडा. आणि मूठभर खडू-चुना, काय म्हणता ती पूड." पिंपाला आतून खरबरीत जाळी असते. वाळलेली हळकुंडं त्यात फिरवली की सालं जाऊन उजळतात. त्यांनी सागवानाचे तुकडे त्यात टाकले, भुसा टाकला, आणि दांडा धरला. जाऊ म्हणाली, "द्या मामा." ते म्हणाले, "तेल मी लावलंय." थोडं त्यांनी फिरवलं, मग खांदा भरून आला तेव्हा तिने. भुसा तेल ओढून काळा व्हायचा, तो बदलायचा, पुन्हा फिरवायचं. संध्याकाळपर्यंत होल्ड कोरडे झाले. कडा जास्त गोल झाल्या, दोन तडकले, आणि सगळे पिवळेधमक निघाले, कारण पिंपाने वर्षानुवर्षं हळदच खाल्ली होती. धरायला ते पहिल्यापेक्षा अवघड होते. तिने तक्रार केली नाही. उरलेले दिवस त्यांच्यावर काढले, आणि प्रत्येक वेळी हात घालायच्या आधी होल्ड बघायची सवय तिला लागली. कुठला कोरडा, कुठला अजून घामट, हे ती खालूनच सांगायला लागली.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. दोन नवख्या बायका आल्या होत्या, एक बँकेतली, एक मिरजेची. जावेने त्यांना आधी पडायला लावलं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही चढायला आलोय हो." जाऊ म्हणाली, "चढाल की. पण पडणं न शिकताबी येतंय, नीट पडणं शिकाय लागतंय." त्या मुकाट्याने लोळल्या.

मग निळा प्रॉब्लेम. ती मधल्या अवघड जागेपाशी टिकली, पुढे गेली, आणि अगदी शेवटच्या होल्डवरून बोटं सुटली. जाऊ उठली, पण लगेच चढली नाही. मान वर करून शेवटच्या होल्डकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकवलेली, टोकाला ब्रश बांधलेली काठी उचलली आणि तो होल्ड घासायला लागली. सकाळपासून पोरांच्या हातांनी तो काळा चकचकीत झाला होता. ती घासत राहिली, रंग फिका पडेपर्यंत. हाताला पूड लावली, फुंकर मारली आणि चढली. शेवटच्या होल्डवर आधी उजवा हात आला, मग डावा. तिथे ती जरा जास्तच वेळ थांबली.

उतरल्यावर साताऱ्याची मुलगी म्हणाली, "काकू, सगळे पडले की आधी हात बघतात. तुम्ही होल्ड बघितलात. हे कुणी शिकवलं?"

"घरात शिकले," जाऊ म्हणाली. सासऱ्यांचं नाव तिने घेतलं नाही, तेलाचंही नाही.

सोमवारपासून ती सकाळी शेडची किल्ली घेऊन जाते. सांगलीतल्या बायका तिला शिव्या देत पडायला शिकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मी तिच्यासाठी पूड ठेवायच्या पिशव्या शिवते, आतून लोकर लावून, तोंडाला दोरी ओढून.

यंदाच्या खंडेनवमीला सासरे तबक घेऊन वखारीत आले. तेलाची वाटी हातात होती. भिंतीसमोर येऊन थांबले, वाटी मला धरायला दिली आणि कुंकवाचं बोट टूथब्रशला लावलं. "ह्याला तरी चालतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"दांड्याला चालतंय," जाऊ म्हणाली. "केसांना नगं."

त्यांनी केसांना लागलेलं कुंकू उपरण्याच्या टोकाने पुसून काढलं, आणि वाटी घेऊन कुदळीकडे गेले.