पुढच्या विमानाचा दिवा

लातूरजवळच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत मी विमानांची देखभाल करते. आज सकाळी आमची दोन छोटी विमानं जमिनीवरच धडकली. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

धुकं विरेल या हिशेबानं दोन विद्यार्थी आपापलं विमान घेऊन धावपट्टीकडे निघाले. पुढे भोकरची स्नेहल, मागे उमरीचा विशाल. मी हँगरमध्ये रेडिओ ऐकत होते.

"स्नेहल, तुझा तो लुकलुकणारा दिवा बंद कर ना. डोळ्यात घुसून राहिलाय."

"केला रे बाबा. आता ठोकू नको म्हणजे झालं."

लुकलुकणारा दिवा धुक्यात मागच्याचे डोळे दिपवतो, हे खरं. पण तो बंद झाल्यावर शेपटीचा बारीक दिवा विशालला दिसलाच नाही. त्याच्या विमानाच्या पंख्यानं तिच्या विमानाची शेपटी कापली.

दोघांना खरचटलंही नाही. मी धावत जाऊन स्नेहलचा पट्टा सोडला.

दुपारी प्रमुखांनी विचारलं, "दिवा कुणी बंद केला?"

"मी," स्नेहल म्हणाली. तिचं प्रशिक्षण तिथेच थांबवलं.

आमच्याकडे रेडिओचं बोलणं रेकॉर्ड होत नाही. मी ऐकलेलं सगळं सांगितलं.

विशाल माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्हाई ताई, मी असं काही म्हणलोच न्हाई."

उद्या पुन्हा चौकशी आहे. मी तेच सांगणार आहे.

तुमच्यातले बरेच जण हिवाळ्यात धुक्यातून नांदेड-लातूर रस्त्यानं गाडी चालवतात. मागच्यानं विनंती केली असती, तर तुम्ही दिवा चालू ठेवला असता?