अण्णांनी पुरलेली तार

अण्णांनी कुत्र्याचा विजेचा पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला आणि अंगणात फेऱ्या मारू लागले, तेव्हा मी समोरच्या ओट्यावरून ओरडले, "अण्णा, फक्त भुंकू नका."

"झटका बघून राहिलो वहिनी. आपल्याला सोसला तरच त्याला द्यायचा." असेच होते ते. बायकोचं कडू औषधसुद्धा आधी स्वतः चाटून पाहायचे.

सांवेर रोडच्या कारखान्यात विजेचं काम करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हातारपणी त्यांच्या बायकोला, माईंना, काही आठवेनासं झालं. फाटक उघडून त्या निघून जायच्या. कुलूप लावलं तर सळयांवर डोकं आपटायच्या. अण्णांनी कुलूपच काढून टाकलं. "बायको आहे, कैदी नाही."

त्यांचा हिशेब सरळ होता. शेरू कुत्रा बाहेर पळतो, त्याच्यामागे माई जातात. शेरूला अडवला की माई थांबतील. "इलाज सबका है वहिनी, दिमाग लावायला पायजे," हे त्यांचं नेहमीचं.

त्यांनी घराभोवती चुन्याची रेघ मारली, त्यावर वीतभर खोल चर खणून तार पुरली. फाटकासमोरूनही नेली. ओसरीत विजेचा डबा बसवला, रेघेवर लाल झेंड्या रोवल्या. शेरू जवळ गेला की गळ्यातला पट्टा आधी वाजायचा, मग झटका द्यायचा. शेरू शहाणा. थोड्याच दिवसांत झेंडी दिसली की खाली बसू लागला.

एका दुपारी तो जीव तोडून भुंकत होता. अण्णांनीच मला नंतर सांगितलं, की भुंकणं ऐकून खाटेवरूनच ते म्हणाले, "शाबास बेटा, रुकला," आणि कूस बदलली.

माई एकट्याच गेल्या होत्या. शेरू त्यांना कधी नेतच नव्हता. त्या निघाल्या की तो सोबत जायचा आणि परत घेऊन यायचा. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पोलिसांत सांगितलं, तुकोगंजचे दवाखाने पालथे घातले. माई मिळाल्या नाहीत.

अण्णांनी पट्टा फेकला, झेंड्या उपटल्या, तार ओढून काढली. पुढे जिवंत होते तोवर रोज सकाळी शेरूला दोरी बांधून फाटकाशी न्यायचे. "तुलाच ठाऊक आहे ती कुठं जायची. चल ना भिया." शेरू रेघेच्या जागी थरथरत बसायचा. उचलून रस्त्यावर ठेवला तर शेपूट घालून आत पळायचा.

एकदा मी म्हटलं, "सोडा आता, अण्णा. नाही यायचा तो."

ते रिकाम्या चरात शेरूशेजारी बसले होते. स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवत म्हणाले, "मला तर सोसला होता वहिनी."